किती देवांचे तुम्ही?

झाडीपट्टीत गोंडाच्या घरी सोयरिकीचे पाहुणे आले, त्यांनी हातपाय धुतले, गडवाभर पाणी पिऊन झालं, की यजमान पहिला प्रश्न विचारतो, "किती देवाचे जी तुमी?" शेती किती, मुलगा काय करतो, हे सगळं नंतर. पाहुणा म्हणाला, "सातदेवे," आणि यजमानही सातदेवे निघाला, तर सोयरिकीचं बोलणं तिथंच संपतं. चहा होतो, पावसापाण्याच्या गोष्टी होतात, पाहुणे समाधानानं उठतात. कुणाला वाईट वाटत नाही. मुलगा आणि मुलगी भाऊबहीण निघाले, आता त्यांच्या लग्नाची गोष्ट तोंडातून काढायची नाही, एवढंच.

साकोलीजवळच्या माझ्या गावात, शेजारच्या ओसरीवर, हा प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होतो. मी गोंड नाही. आमच्या घरी देव्हारा होता आणि त्यातले देव मी रोज आंघोळ घालताना मोजलेले होते. शेजाऱ्यांच्या घरात मात्र एकही मूर्ती, एकही तसबीर मी कधी पाहिली नव्हती. मग त्यांचे सात देव राहतात कुठं? आणि देवांच्या संख्येवरून लग्न कसं मोडतं? त्या दोन प्रश्नांच्या मागे मी पुढं अनेक वर्षं चालत राहिलो. साकोली, लाखनी, अर्जुनी मोरगाव, सालेकसा अशी गावं फिरत ऐकलेलं, पाहिलेलं आणि लिहून घेतलेलं या पुस्तकात आहे. ते वाचण्याआधी वाचकाच्या हाती दोन-चार किल्ल्या द्याव्यात, यासाठी ही प्रस्तावना.

पहिली किल्ली म्हणजे 'पेन' हा शब्द. गोंडीत देवाला पेन म्हणतात. आपण मराठीत 'देव' म्हणून मोकळे होतो, पण देव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं मूर्ती, देऊळ, गाभारा उभा राहतो. पेनाला यातलं काहीच लागत नाही. कुळाचा जो थोर पेन, तो पेर्सापेन; कुठं त्याला बडादेव म्हणतात, कुठं फडापेन. त्याला चेहरा नाही. त्याची खूण म्हणजे लोखंडी भाल्याचं पातं, चवरी आणि घंटा. ही खूण घरात राहत नाही. गावाबाहेर, ऐनाच्या किंवा मोहाच्या झाडाशी तिचं ठाणं असतं आणि कुळाचे लोक ठरलेल्या दिवशीच तिथं जमतात. ऐनाला गोंड साजा म्हणतात, आणि साजा ही बडादेवाचीच जागा आहे. माझ्या शेजाऱ्यांच्या घरात मला देव दिसले नाहीत, कारण मी घरात शोधत होतो.

दुसरी किल्ली संख्येची. चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे हे गोंड समाजाचे मोठे गट. गोंडीत त्यांना सगा म्हणतात. मडावी, उईके, कुमरे, मरसकोल्हे, आत्राम, टेकाम अशी जी आडनावं आपण शाळेच्या हजेरीत ऐकत आलो, त्यातलं प्रत्येक कुळ कुठल्या तरी एका सगात मोडतं. एकाच सगातल्या कुळांचं नातं भावकीचं, दुसऱ्या सगातल्या कुळांशी नातं सोयरिकीचं. म्हणजे "किती देवाचे?" या प्रश्नाचा खरा अर्थ "तुम्ही माझे भाऊ की माझे सोयरे?" असा आहे. देव मोजले की माणसांची नाती कळतात. मला सगळ्या प्रवासात सर्वांत मोलाचं जे सापडलं ते हे: पेन आधी नातेवाईक आहे, मग देव आहे. त्याला बोलवावं लागतं, जेवू घालावं लागतं, त्याच्या घरी जावं लागतं. तो रुसतो, येतो, नाचतो आणि परत जातो. या पुस्तकातली प्रत्येक कथा आणि प्रत्येक विधी याच धाग्यात ओवलेला आहे.

हे सगे कुणी लावून दिले, याची कथा कचारगडाला जाऊन ऐकावी. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात, दरेकसा रेल्वे स्टेशनच्या बाजूच्या डोंगरात ही प्रचंड गुहा आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास धनेगावातून वर जाणारी वाट माणसांनी भरून जाते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा अशा सगळीकडून आलेले लोक एकमेकांना "जय सेवा" म्हणत चढतात. खांद्यावर कुळाचे पेन असतात, वर सप्तरंगी झेंडे. तिथं सांगतात ती कथा अशी: काली कंकालीची मुलं अनावर झाली. शंभू महादेवानं त्यांना कोयली कचार लोहगडाच्या गुहेत कोंडलं आणि तोंडावर मोठी शिळा लावली. माता जंगो रायताडचा जीव त्या लेकरांसाठी तुटला. पारी कुपार लिंगोनं सुटकेची वाट शोधली. हिरासुका पाटालीर नावाचा वादक गुहेबाहेर बसून किंगरी वाजवू लागला. त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ आलं, त्यांनी एकजुटीनं शिळा ढकलली, शिळा गडगडली आणि तिच्याखाली हिरासुका चिरडला गेला. मुक्त झालेल्या मुलांना लिंगोनं धर्म शिकवला, सग्यांत वाटून दिलं, कुणी कुणाशी सोयरीक करायची ते सांगितलं.

मला या कथेत कायम हिरासुका थांबवतो. ज्याच्या वाद्यानं दार उघडलं, तो दार उघडताना गेला. म्हणूनच की काय, गोंडांच्या धर्मात गवयाची जागा पुजाऱ्याइतकीच मोठी आहे. परधान हे गोंडांचे गवई आणि कुळकथांचे जाणते. तीन तारांची किंगरी हाती घेऊन यजमानाच्या कुळाची आणि पेनाची कथा त्यांनी गायची, मग पेन जागा होतो. मंडल्याकडच्या परधानांत तर हे वाद्य, त्यांचा बाना, म्हणजे बडादेवच मानतात.

लिंगोची गाथा कागदावर आली तीही एका परधानाच्या तोंडून. नागपुरात १८४५ पासून राहिलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ती लिहून घेतली. १८६३ मध्ये एका ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला आणि त्यांची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून काढली. त्या पाठात कथा वेगळी वळणं घेते. महादेव गोंडांना धवलगिरीच्या गुहेत कोंडतो, चौघे तेवढे निसटतात, पुराच्या पाण्यातून कासव त्यांना पार नेतं, आणि शेवटी लिंगो कासवाशी मैत्री राखा असं बजावून देवांकडे निघून जातो. अलीकडच्या काळात नागपूरचे मोतीरावण कंगाली यांनी रिझर्व्ह बँकेतली नोकरी सांभाळून आयुष्यभर गोंडी पुनेमाचा, म्हणजे गोंडी धर्ममार्गाचा, अभ्यास केला. कचारगडाच्या आजच्या मेळ्यामागे त्यांची आणि त्यांच्या सोबत्यांची मोठी धडपड आहे. माझ्या संग्रहातले पाठ कचारगडाच्या कथेपेक्षा आणि हिस्लॉप यांच्या पाठापेक्षा काही ठिकाणी निराळे आहेत. ते मी जुळवून घेतले नाहीत. सांगणाऱ्यानं जसं सांगितलं तसंच ठेवलं आहे, कारण कुळ बदललं की कथेत उभं राहण्याची जागा बदलते.

पेन नातेवाईक आहे हे समजायचं असेल, तर दक्षिणेकडे आदिलाबादच्या डोंगरांत जावं. तिथल्या केसलापूरचा नागोबा हा मेसराम कुळाचा देव. पौष अमावास्येच्या जत्रेआधी मेसराम लोक पायी चालत गोदावरीचं पाणी आणतात आणि त्या पाण्यानं पूजा होते. मग कुळात नव्यानं आलेल्या सुनांची नागोबाशी भेट घालून देतात. त्याला 'भेटिंग' म्हणतात. ही भेट होईपर्यंत सून कुळात पुरती आली असं मानत नाहीत. लग्न नवऱ्याशी झालं, आता घरातल्या सर्वांत थोर माणसाला नमस्कार करायचा राहिला, तसं हे आहे.

त्याच मुलखात दिवाळीच्या दिवसांत दंडारी निघते आणि तिच्यात गुसाडी नाचतात. डोक्यावर मोरपिसांचा भलाथोरला टोप, अंगाला राख, गळ्यात माळा, खांद्यावर कातडं, हातात काठी. दंडारी संपेपर्यंत गुसाडी अंघोळ करत नाही. त्या दिवसांत तो माणूस राहिलेला नसतो, पेन त्याच्यात आलेला असतो. दंडारी एका गावातून दुसऱ्या गावी जाते ती बहुधा सोयरिकीच्या गावी. यजमान गाव गुसाड्यांचे पाय धुतं, त्यांना जेवू घालतं, आणि त्या मुक्कामात लग्नंही जुळतात. इथंही देव आणि सोयरीक हातात हात घालूनच येतात. मारलवाई गावचे कनक राजू यांनी हे नृत्य नव्या पोरांना शिकवण्यात आयुष्य घातलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या बाजूला किनवट, राजुरा, जिवतीकडेही दंडारी निघते. भंडारा-गोंदियात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि रात्री दंडार होते, ती मात्र लोकनाट्याच्या अंगानं वाढली. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दंडारीला आणि खडीगंमतीला मराठी अभ्यासात जागा मिळवून दिली. त्यांच्या कामाशिवाय माझ्यासारख्याला या वाटेवर पाऊल टाकणं कठीण होतं.

आता तिसरी किल्ली, मेलेल्यांची. माणूस गेला की संपला, असं इथं कुणी मानत नाही. विधी करून त्याला पेनात मिळवायचं असतं. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर जो ग्रंथ छापला, त्यात गोंडांचा एक विधी नोंदवला आहे. घरचे नदीवर जातात, गेलेल्याला नावानं हाक मारतात, पाण्यात उतरून एखादा मासा किंवा किडा धरतात आणि तो घरी आणून घरातल्या पूर्वजांमध्ये ठेवतात. गेलेला माणूस परत आला. ही नोंद वाचल्यावर मी चुलबंद नदीच्या काठावर बराच वेळ बसलो होतो. आपण आपली माणसं पाण्यात सोडून मागं वळून न पाहता घरी येतो. हे लोक त्याच पाण्यातून आपलं माणूस घरी आणत होते.

माणूस देव होतो, हे समजायला गोंडच असलं पाहिजे असं नाही. जुन्या साकोली तहसिलीतला नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं मानतात. भोवतीच्या सात टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. त्यातल्या एका माथ्यावर कोलासूर देवाचं ठाणं आहे, आणि हा कोलासूर म्हणजे कोलू पाटीलच. ज्यानं पाणी अडवलं, तो मेल्यावर त्याच पाण्यावर नजर ठेवत टेकडीवर बसला. तलाव बांधावेत कोहळ्यांनी, हे झाडीपट्टीत सगळे जाणतात. पण बांधणाऱ्याला गावानं पूर्वज करून घेतलं, ही रीत कोहळ्यांनी आणि गोंडांनी एकाच मातीतून उचलली. मातामाय या गावदेवीच्या ठाण्यावर आजही कुणबी, कोहळी, पोवार, गोंड सगळे नारळ फोडतात. तिथं पूजेला भुमक, म्हणजे गावचा पुजारी, लागतो आणि तो बहुतेक ठिकाणी गोंड असतो. या भुईचे धनी कोण हे त्याला ठाऊक आहे, म्हणून. वाघोबा, भिवसन, मुठवा हे देव म्हणजे सगळी त्याच्या ओळखीची माणसं.

हे सगळं लिहीत असताना पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला असेच पाहुणे दारी येणारा एक समाज आहे हे मला कळलं, आणि तेव्हापासून आपल्या पेनांकडे मी अधिक नीट पाहू लागलो. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या कोरड्या पठारांवर प्वेब्लो लोकांची गावं आहेत. होपी आणि झुनी त्यांतलेच. होपींच्या देवदूतासारख्या आत्म्यांना कात्सिना म्हणतात. ढग, पाऊस, मका, प्राणी, पूर्वज अशा शेकडो रूपांत ते येतात. हिवाळ्यात उत्तरायणाच्या सुमारास ते गावात उतरतात, मुखवटे धारण केलेल्या पुरुषांच्या अंगानं नाचतात आणि जुलैत निमान नावाच्या सोहळ्यानंतर सॅन फ्रान्सिस्को शिखरांवरच्या आपल्या घरी परततात. मेलेली माणसं ढग होऊन पाऊस आणतात, अशी होपींची श्रद्धा आहे. मक्याच्या शेतावर पाऊस मागणारा होपी आणि धानाच्या बांधीवर पाऊस मागणारा आपला शेतकरी, दोघंही आभाळाकडे पाहताना आपल्या आजोबांकडेच पाहत असतात. टेकडीवरचा कोलासूर मला तेव्हा नव्यानं कळला.

कात्सिनांच्या वाट्याला आलेलं दुःखही सांगितलं पाहिजे. स्पॅनिश पाद्र्यांनी १६६१ मध्ये प्वेब्लो गावांतले मुखवटे जप्त करून शेकड्यांनी जाळले. १६८० मध्ये पोपे नावाच्या धर्मपुरुषाच्या पुढाकारानं बहुतेक गावं एकाच वेळी उठली आणि बारा वर्षं स्पॅनिशांना ती भूमी परत मिळवता आली नाही. पुढं मुखवटे संग्राहकांच्या हाती गेले. २०१३ मध्ये पॅरिसमध्ये ते लिलावाला निघाले. होपींनी विनवण्या केल्या, न्यायालयाची दारं ठोठावली, लिलाव थांबले नाहीत. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ॲनेनबर्ग फाउंडेशननं लिलावात उतरून चोवीस पवित्र वस्तू विकत घेतल्या, त्या परत करण्यासाठीच. होपी लोक त्यांना मुखवटा म्हणत नाहीत, 'मित्र' म्हणतात. कोणी आपल्या मित्राचा लिलाव मांडला तर काय वाटेल, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्या बातमीनं या पुस्तकाचं रूप बदललं. माझ्याकडे पेनठाण्यांची बरीच छायाचित्रं होती. काही मी विचारून घेतली होती, काही जमावात असताना, कुणाला न विचारता. ती सगळी बाजूला ठेवली. या पुस्तकात पेर्सापेनाच्या कुठल्याही खुणेचं छायाचित्र नाही, कुठल्याही ठाण्याची वाट नेमकी सांगितलेली नाही आणि भुमकानं 'हे लिहू नका' म्हटलेला एकही मंत्र छापलेला नाही. अभ्यासकाला हे अपुरं वाटेल. पण नातेवाइकाच्या घरी गेल्यावर आपण माजघरात शिरत नाही, आणि ओसरीवर बसून जे मिळतं ते काही कमी नसतं.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे तीस लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली. भंडारा जिल्ह्यातल्या बहुतेक गोंड घरांत मात्र आज झाडीबोलीच बोलतात, गोंडी ऐकू येत नाही. १९१८ मध्ये बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी गोंडीसाठी लिपी घडवली, पण ती आमच्या शाळांपर्यंत पोचली नाही. भाषा गेली, किंगरी वाजवणारे हात कमी झाले, पण "किती देवाचे?" हा प्रश्न टिकला. त्याच जनगणनेत दहा लाखांवर लोकांनी धर्माच्या रकान्यात गोंड किंवा गोंडी असं लिहवून घेतलं. त्या नोंदी 'इतर' या सदरात गेल्या. सरकारी कागदावर ज्याला 'इतर' म्हणतात, त्याच्या आत चार, पाच, सहा आणि सात देवांची केवढी काटेकोर व्यवस्था नांदते, हे मराठी वाचकाला दिसावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. आपल्या वेशीवरची मातामाय, आपल्या तलावावरचा कोलासूर, आपण नारळ फोडतो तो वाघोबा, हे ज्यांनी आपल्याला दिले, त्यांच्या धर्माला मागासलेला म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

ज्या भुमकांनी, परधानांनी, आजीबाईंनी मला ओसरीवर बसवून हे सांगितलं, त्यांची नावं त्यांच्याच इच्छेवरून इथं दिलेली नाहीत. हे पुस्तक त्यांचं आहे.

शेवटी एक आठवण. कचारगडाच्या चढावर एका वळणाला दम घ्यायला बसलो होतो. बाजूला खूप म्हातारे एक बाबा बसले होते. त्यांनी नेहमीचा प्रश्न केला, "किती देवाचे जी तुमी?" मी म्हणालो, "बाबा, मी गोंड नाही." त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "मंग तुमचा पयला बुढा कोन?" मी वडिलांचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं, पणजोबांचं सांगितलं आणि थांबलो. त्यापुढं मला कुणी ठाऊक नव्हतं. बाबा जरा वेळ वाट पाहत राहिले. मग आपले लिंगोपासूनचे पूर्वज ते कुळाच्या कथेप्रमाणं एकेक करून सांगू लागले. शिळा ढकलून बाहेर आलेली ती मुलं, त्यांना मिळालेला सगा, मग कुळ, मग गाव, मग बाप. सांगून झाल्यावर काठी टेकत उठले आणि म्हणाले, "घरी गेल्यावर इचारा. कोनी ना कोनी सांगल."

घरी आल्यावर मी विचारलं. पुस्तक लिहायला सुरुवात त्यानंतर झाली.

साकोली
माघ पौर्णिमा